टीव्हीवर एक्सेल, माउस माझ्याकडं आणि भांडण पाच जणांचं

भट्टीवाला | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

बेळगावात उद्यमबागेत एका फौंड्रीत (धातू ओतून नग करायचा कारखाना) क्वालिटी बघतो. दर सोमवारी सकाळी साडेनऊला खराब निघालेल्या नगांवर आमची रिजेक्शन मीटिंग असते. मोल्डिंग (साचे), कोअर शॉप (नगातल्या पोकळीसाठी वाळूचे गाभे), मेल्टिंग (धातू वितळवणं), फेटलिंग (नग साफ करणं) आणि मी, असे पाच जण. भिंतीवर टीव्ही, त्यावर माझ्या लॅपटॉपमधलं एक्सेल. पार्ट नंबर, हीट नंबर, शिफ्ट, डिफेक्ट, नग. मोल्डिंगवाला म्हणतो वाळूतलं मॉइश्चर बरोबर होतं, मेल्टिंगवाला म्हणतो धातू गरम होता, कोअरवाला गप्प. मी जो फिल्टर लावीन त्यावरच चर्चा. कुणी म्हणालं 'मागच्या महिन्याचं दाखव की', तर ते सापडेपर्यंत चहा येतो आणि विषय क्रिकेटवर जातो.

आता मालकांचा मुलगा शिकून परत आलाय. त्यानं एक व्हिडिओ बघितला. सगळ्यांनी गॉगल घातलेत, टेबलावर हवेत आलेख तरंगतोय, एक जण बोटानं तो फिरवतोय. 'आपण पण असंच करूया' म्हणतो. दोन हेडसेटचं कोटेशन मागवलंय. आकडा बघून मालकांनी चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं.

तर प्रश्न असा: एआर (ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी, खऱ्या जगावर संगणकाचं चित्र चढवून दाखवणं) म्हणा, मोठे सामायिक पडदे म्हणा, चार माणसांनी मिळून आकडे वाचायला याचा खरंच उपयोग होतो का? जाहिराती नकोत, कुणी वापरलं असेल तर अनुभव सांगा.

टिळकवाडी_कट्टा | सोमवार, रात्री ९:५२

एप्रिल महिन्यात भट्टीशेजारी गॉगल? आतून घाम पुसायला वायपर आहे का ते आधी विचार.

अनगोळकर_पुण्यात | सोमवार, रात्री १०:३०

वापरलंय. आमच्या कंपनीत तीन होलोलेन्स २ (मायक्रोसॉफ्टचे एआर गॉगल) होते, जवळजवळ दीड वर्ष. म्हणून लांबलचक लिहितो.

पहिली गोष्ट, ते आता घेऊ नका. मायक्रोसॉफ्टनं २०२४ च्या ऑक्टोबरात त्याचं उत्पादन बंद केलं, सुरक्षेचे अपडेट २०२७ अखेरपर्यंत मिळणार. कोटेशन त्याचंच असेल तर आलेल्या पाहुण्याला कुंदा देऊन वाटेला लावा. वजन ५६६ ग्रॅम. अर्ध्या तासानं मान बोलायला लागते. समोर दिसणारी चौकट लहान, त्यामुळं तरंगणारा आलेख मोठा केला की कडेचा भाग कापला जातो आणि माणूस कोंबडीसारखी मान हलवत बसतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तिघांनी एकच आलेख बघायचा तर तिन्ही यंत्रांचं आधी एकमत व्हावं लागतं की टेबलाचा कोपरा नेमका कुठं आहे. ते एकमत सरकलं की घोटाळा. आमच्याकडं एकदा मी एका खांबाकडं बोट दाखवून दहा मिनिटं बोललो, 'हा बघा, इथं खर्च वाढलाय'. समोरच्याला तेच बोट शेजारच्या खांबावर दिसत होतं. तो मान डोलवत होता. मी मार्चबद्दल बोलत होतो, तो एप्रिलबद्दल पटवून घेत होता. साध्या टीव्हीवर असं कधीच होत नाही.

तिसरं, त्रिमिती खांबांचे आलेख. पुढचा खांब मागच्याला झाकतो. मग सगळे उठून टेबलाभोवती प्रदक्षिणा घालतात. पहिल्या दिवशी मजा आली, दुसऱ्या आठवड्यापासून हेडसेट कपाटात.

मृदुला_बेंगळूर | सोमवार, रात्री १०:४१

अनगोळकर +१. आणि डोळे! गॉगलमागं समोरच्याचे डोळे धड दिसत नाहीत. मीटिंगमधली निम्मी माहिती कुणाच्या भुवया कधी वर गेल्या यात असते.

भट्टीवाला | सोमवार, रात्री १०:५५

मृदुलाताई, आमच्या कोअरवाल्याचं हेच आहे. तो बोलत नाही, पण खोटं ऐकलं की छताकडं बघतो. गॉगल घातला तर आमचा एकमेव खात्रीचा सेन्सर बंद.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ६:१५

अनगोळकरांचा अनुभव खरा, पण त्यातून 'एआर म्हणजे खेळणं' असं कुणी समजू नये. थोडं मागं जाऊ.

डोक्यावर लावून संगणकाचं चित्र बघायचं पहिलं यंत्र इव्हान सदरलँड यांनी १९६८ मध्ये दाखवलं. ते इतकं जड होतं की छताला टांगावं लागे. 'ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी' हे नाव आलं १९९० च्या सुमारास, बोइंग कंपनीत, टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांच्या कामातून. तिथं अडचण काय होती? विमानातल्या तारांचे जुडगे मोठ्या फळ्यांवर बांधायचे. कामगार एकदा नकाशात बघणार, एकदा फळीवर, परत नकाशात. त्यांचं म्हणणं होतं की तार कुठून कुठं जाते ते फळीवरच दिसू दे.

म्हणजे मुळात आलेख हवेत तरंगवायचा विचारच नव्हता. माहिती ज्या वस्तूची आहे त्या वस्तूवर ती ठेवायची होती. म्हणून भट्टीवाले, तुमच्या आकड्यांना जागा आहे का, हे आधी विचारा. महिन्याची टक्केवारी, शिफ्टवार नग, यांना जागा नसते. ते सपाट टीव्हीवर, साध्या रेघेत उत्तम. पण ब्लो-होल (धातूत गॅस अडकून पडलेलं भोक) कास्टिंगवर कुठं येतो, याला जागा आहे. तुमच्या एक्सेलमध्ये 'ब्लो-होल, ७ नग' एवढंच असेल तर ती जागा तुम्ही नोंदतानाच हरवून बसला आहात.

लंडनमध्ये १८५४ च्या कॉलऱ्यात डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू कोष्टकात न ठेवता रस्त्यांच्या नकाशावर घरागणिक मांडले, तेव्हा ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीची गर्दी सगळ्यांच्या नजरेत भरली. (पंपाचा संशय त्यांना आधीच होता.) कोष्टकही त्याच मृत्यूंचं होतं.

टिळकवाडी_कट्टा | मंगळवार, सकाळी ८:०५

मास्तर सव्वासहाला उठून लिहितात, आणि आम्ही आठ वाजता वाचून परत झोपतो.

भट्टीवाला | मंगळवार, दुपारी १:२०

मास्तर, जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. तुमचं वाचून सकाळी फेटलिंगला गेलो. तिथले मामा प्रत्येक खराब नगावर खडूनं गोल काढतात, तीस वर्षांची सवय. मग तो नग भंगारात जातो, परत वितळतो. म्हणजे रोज नेमकी 'कुठं' ही माहिती आम्ही भट्टीत घालून वितळवतोय, आणि 'किती' तेवढं एक्सेलमध्ये ठेवतोय. मामांना सांगितलं तर म्हणाले, 'मग मी काय मजा म्हणून गोल काढूलोय?'

वडगाव_शाळा | मंगळवार, रात्री ९:१०

मी शिक्षिका आहे. गॉगल न लावता एआर कसं चालतं ते सांगते, कारण आम्ही केलंय. वाळूपेटी.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या ऑलिव्हर क्रेलॉस यांनी याचं सॉफ्टवेअर लिहून फुकट ठेवलंय. साधारण ४० इंच बाय ३० इंचांची लाकडी पेटी, त्यात पांढरी वाळू. वर, साधारण तेवढ्याच उंचीवर, एक्सबॉक्सचा जुना काइनेक्ट कॅमेरा आणि प्रोजेक्टर. कॅमेरा वाळूची उंची मोजतो, प्रोजेक्टर तिच्यावर रंग आणि समोच्च रेषा टाकतो. टेकडी केली की ती तपकिरी होते, खणलं की निळं. हात पसरून वर धरला की वाळूवर पाऊस पडतो आणि निळं पाणी उताराला लागतं. लिनक्सचा, बरं ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक लागतो. काइनेक्ट नवीन मिळत नाही, आम्ही एका पालकांच्या माळ्यावरून मिळवला.

विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी आपलं शिवार केलं. येळ्ळूरकडची उंच बाजू, मधून बळ्ळारी नाला, शहापूर-वडगावची भातशेती. प्रदर्शनाला मुलांचे आजोबा आले. हात धरून पाऊस पाडला तसं एक आजोबा पुढं झाले आणि म्हणाले, 'चुकलंय. पाणी आधी तिथून येत नाही, इथून येतं.' आणि बोटानं वाळू ओढून बांध मोडला. दुसरे म्हणाले, 'तो बांध तूच फोडलास की.' पाच मिनिटांत पेटीभोवती आठ-दहा शेतकरी. मग आमच्या एका मुलीनं उदबत्तीच्या जळक्या काड्या गोळा केल्या आणि प्रत्येकाला दिली: २०१९ च्या ऑगस्टातल्या पुरात पाणी तुमच्या शेतात कुठवर आलं तिथं खोचा. काड्यांची एक वाकडी ओळच तयार झाली. एक काडी ओळीत बसेना. ते काका म्हणाले, 'माझ्याकडं नाल्याचं नाही, गटारीचं पाणी आलं.' हे आम्हाला कुठल्याच आकड्यात दिसलं नसतं.

नकाशेवाला_सिव्हिल | मंगळवार, रात्री ११:००

बाई, उपक्रम छान, पण याला विश्लेषण म्हणू नका.

हिशोब करा. शिवार अडीच किलोमीटर धरलं आणि पेटी एक मीटर, तर दोन मीटर उंचीचा बांध पेटीत एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. त्या काइनेक्टची चूकच काही मिलिमीटरची असते. म्हणजे उभं माप तीस-चाळीस पट फुगवावं लागतं. फुगवलं की सपाट भातशेतीचा डोंगर होतो आणि पाणी धबधब्यासारखं पळतं. बळ्ळारी नाल्याची अडचण अगदी उलटी आहे: उतार कमी, गाळ, जलपर्णी, पाणी पळतच नाही, तुंबतं. पेटीतलं पाणी गणितानं बरोबर वाहतं, उथळ प्रवाहाची समीकरणं सोडवतं, मान्य. पण चुकीच्या जमिनीवर बरोबर गणित. लोकांनी तेच खरं धरलं तर उद्या कुणीतरी 'शाळेच्या पेटीत असं दिसलं' म्हणून बांध घालेल.

वडगाव_शाळा | बुधवार, सकाळी ७:३०

सर, मापाचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पेटीवर 'हे मोजमाप नाही' अशी पाटी लावते. पण पेटीनं आम्हाला पाण्याचा वेग सांगितलाच नाही. तिनं दहा माणसांना एका जागी वाकायला लावलं. माहिती काड्यांमध्ये होती, वाळूत नव्हती. तुमच्या संगणकातल्या नकाशासमोर ते आजोबा बोलले असते का? माउस तुमच्या हातात असतो.

नकाशेवाला_सिव्हिल | बुधवार, सकाळी ९:१५

माउसचं लागलं. काड्यांच्या जागा जीपीएसनं शेतात जाऊन घेतल्या असतील तर मला पाठवा, मी खऱ्या उंचीच्या नकाशावर बसवून बघतो.

येळ्ळूर_शिवार | बुधवार, दुपारी १२:४०

आधी नाल्यातला गाळ काढा, मग वाळू खेळा. प्रत्येक पावसाळ्यात रोप लावायचं, बुडायचं, परत लावायचं. आमची बासमती आता पिशवीवरच्या चित्रात उरली.

पण एक विचारतो. त्या पेटीवर गावांची, सर्व्हे नंबरांची नावं कुठल्या लिपीत टाकली होती?

टिळकवाडी_कट्टा | बुधवार, दुपारी १२:४४

आलं. मी म्हणतच होतो, अजून कसं आलं नाही. शेंगदाणे घेऊन बसतो.

वडगाव_शाळा | बुधवार, दुपारी १:३०

कुठल्याच नाही. :) एका बाजूला मराठी मुलं, दुसऱ्या बाजूला कन्नड माध्यमाची. कुठलं नाव वर, कुठलं खाली, यावरून आधी बैठक झाली असती आणि प्रदर्शन राहिलं असतं. म्हणून नावंच टाकली नाहीत. पिंपळ, देऊळ, पूल यांची चित्रं टाकली. सगळ्यांना कळलं.

सीमाभागी | बुधवार, दुपारी २:१०

नावं न टाकणं म्हणजे प्रश्न टाळणं झालं. २०१४ च्या १ नोव्हेंबरला गावाचं नाव सरकारी कागदावर बदललं, ते आम्ही तोंडातून बदललं नाही. नकाशावर...

व्यवस्थापक | बुधवार, दुपारी २:२५

त्या विषयाचे आपल्याकडं वेगळे धागे आहेत, तिथं मनसोक्त लिहा. इथं वाळू, पडदे आणि भट्टी. सीमाभागी, प्रतिसादाचा पुढचा भाग तिकडं हलवला आहे.

अनगोळकर_पुण्यात | बुधवार, रात्री ९:००

व्यवस्थापक रागावू नका, पण लिपीचा मुद्दा धाग्याच्या विषयातलाच आहे. सामायिक पडद्याची अडचणच ही: पडदा एक, बघणारे वेगळे. एआर खरं उपयोगी पडतं ते इथं. भिंतीवर किंवा टेबलावर सगळ्यांचं मिळून एकच चित्र, नावांशिवाय. चारही कोपऱ्यांत काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या खुणा छापायच्या. ज्यानं त्यानं आपला मोबाईल चित्रासमोर धरायचा. मोबाईल खुणांवरून ओळखतो की आपण कुठून बघतोय आणि नावं त्या त्या जागी दाखवतो. तुझ्या मोबाईलवर मराठी, माझ्यावर कन्नड, सिव्हिल साहेबांच्या मोबाईलवर मीटरमध्ये उंची. चित्र सगळ्यांचं, टिपण ज्याचं त्याचं. बोट दाखवलं तर ते सगळ्यांना एकाच जागी दिसतं, कारण चित्र खरोखर टेबलावर आहे, गॉगलच्या काचेत नाही.

येळ्ळूर_शिवार | बुधवार, रात्री ९:३५

हे समजलं. माझा शेताचा उतारा कन्नडमध्ये येतो, पोराकडनं वाचून घेतो. गूगलचं ते कॅमेऱ्यातनं भाषांतर करणारं अ‍ॅप लावून बघितलं, आकडे बरे देतं. नावांचा मात्र पार चोथा. माझ्या आजाच्या नावाचा त्यानं अर्थच लावला आणि 'डोंगराचा मालक' असं काहीतरी दाखवलं. आज असता तर खूश झाला असता.

मृदुला_बेंगळूर | गुरुवार, सकाळी १०:२०

अनगोळकरांच्या 'टिपण ज्याचं त्याचं' वरून. मी दिवसभर डॅशबोर्डच करते. चार माणसं टेबलाभोवती बसली की प्रत्येक जण आपोआप आपल्या पुढ्यातला तुकडा राखतो, मधली जागा सगळ्यांची, कडेला अडगळ. कागद पसरले तरी असंच, मोठ्या टच-टेबलावर तरी असंच. आम्ही मात्र 'सगळं सगळ्यांना दिसू दे' म्हणून सगळंच मध्ये टाकतो. मग कुणीच आपला अर्धवट विचार मांडत नाही, कारण अर्धवट विचार टीव्हीवर ४३ इंचांचा दिसतो.

भट्टीवाला, तुमचा कोअरवाला गप्प का असतो? त्याचं रजिस्टर त्याच्या मांडीवर आहे आणि टीव्हीवर फक्त तुमचं. पुढच्या सोमवारी काही विकत न घेता एवढंच करा: टीव्ही बंद. एका कास्टिंगचा मोठा फोटो छापून टेबलावर, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचं स्केचपेन.

ऊसवाला_चिकोडी | गुरुवार, रात्री ८:५०

तुम्ही सगळे शिकलेले लोक. आमच्याकडचा सामायिक पडदा सांगू? कारखान्याच्या काट्यावरचे लाल आकडे. आधी आकडा आत, खोलीत, काटेवाल्यापुढं. आम्ही बाहेर ट्रॅक्टरवर. पावतीवर येईल ते वजन खरं. मग आरडाओरडा झाला आणि बाहेरच्या बाजूला मोठा डिस्प्ले लागला. काटा तोच, माणूस तोच. पण ट्रॉली चढली की रांगेतले वीस जण एकदम वर बघतात, आणि आकडा स्थिर व्हायच्या आत कुणी पावती काढली तर वीसच्या वीस ओरडतात. ह्याला म्हणा की कोलॅबोरेटिव्ह का काय ते.

निवृत्त_मास्तर | शुक्रवार, सकाळी ६:१०

ऊसवाल्यांना साष्टांग.

खानापूर_कुंभार | शुक्रवार, दुपारी ४:००

वाळूपेटीत वाळू घसरत असेल तर आमच्याकडची माती न्या. बोटाचा ठसा जसाच्या तसा राहतो. (पैसे रोख.)

भट्टीवाला | तीन आठवड्यांनी, सोमवार, रात्री १०:१५

मंडळी, उशीर झाला, पण हिशोब देतो.

पहिल्या सोमवारी मृदुलाताईंचं केलं. टीव्ही बंद, फोटो टेबलावर, स्केचपेनं. मामांनी चष्मा लावून दहा ठिपके काढले. मोल्डिंगवाल्यानं काढले. कोअरवाल्यानं पेन हातात धरून ठेवलं, काढलं काहीच नाही.

मग मालकांच्या मुलाला मास्तरांची बोइंगची गोष्ट सांगितली. पोरगं हुशार आहे, लगेच पकडलं. हेडसेटचं कोटेशन बाजूला ठेवलं, ऑफिसातला जुना प्रोजेक्टर आणला, तपासणीच्या टेबलावर वरच्या पाइपला बांधला. एक चांगला नग चुन्यानं पांढरा केला आणि टेबलावर खिळे ठोकून त्याची जागा पक्की केली. मामांचे खडूचे गोल आता भंगारात जायच्या आधी पोरं मोबाईलवर फोटोत टिपतात. तेव्हापासूनचे सगळे ब्लो-होल लाल ठिपके होऊन त्या पांढऱ्या नगावर पडतात. अंगावर गोवर उठावा तसं दिसतं.

पहिल्या दिवशी फजिती. शेजारून क्रेन गेली, पाइप हलला, सगळे ठिपके अंगठाभर सरकले. आम्ही अर्धा तास रायझरला (साच्यातली जादा धातू ठेवायची जागा) शिव्या घातल्या. अनगोळकर, तुमचा मार्च-एप्रिल आमच्याकडं पण झाला. आता नगावर दोन पक्क्या खुणा केल्यात, प्रोजेक्टरची फुली त्यांच्यावर बसली नाही तर मीटिंग सुरूच करायची नाही.

आज ठिपके बरोबर बसले होते. बरेचसे एका कोअरच्या वरच्या अंगाला, एकाच बाजूला. कुणी काही बोललं नाही. कोअरवाला छताकडं बघेल असं वाटलं. तो उठला, शॉपमध्ये गेला आणि एक कोअर घेऊन आला. त्याची व्हेंटची भोकं दाखवली. वरून वॉश (कोअरवरचा लेप) लावताना त्या बाजूची बुजली होती. गॅसला वाट नाही, मग तो धातूतच शिरणार. 'मी दोनदा सांगितलं होतं,' म्हणाला. खरं असेल. एक्सेलमध्ये त्याला रकाना नव्हता.

दुसऱ्या एका पार्टवर मात्र ठिपके सगळीकडं सारखे पसरलेत, काहीच कळत नाही. तिथं परत मॉइश्चरवरून भांडण चालू.

वडगाव_शाळा | सोमवार, रात्री १०:४०

कोअरवाल्या दादांना आमच्या मुलांकडून एक उदबत्तीची काडी.

सिव्हिल सरांना जीपीएसच्या जागा पाठवल्यात, सर बघा.

नकाशेवाला_सिव्हिल | सोमवार, रात्री ११:०५

बघितल्या. गटारीवाल्या काकांची काडी बरोबर आहे, त्यांचं शेत बाकीच्या ओळीपेक्षा उंचावर आहे. नाल्याचं पाणी तिथवर चढायचं तर बाकीची शेतं आणखी खोल बुडायला हवी होती. रविवारी येऊन ती गटार चालत बघू म्हणतो. बाई, आजोबांना पण बोलवा.

भट्टीवाला | सोमवार, रात्री ११:१२

एक राहिलंच. फौंड्रीची काळी धूळ आठवड्यात प्रोजेक्टरच्या आत जाते, चित्र मळकट दिसायला लागलंय. फडकं बांधून ठेवलं तर चालेल का?

अनगोळकर_पुण्यात | सोमवार, रात्री ११:२०

फडकं अजिबात नको, हवा कोंडून दिवा जाईल. हवा आत जाते त्या जाळीला पातळ स्पंज लाव, दर शनिवारी धू. आणि मीटिंग झाली की बंद करत जा.